न कापलेला डोंगर

इथे आखाती देशात, मिरकाबमधल्या एका दवाखान्यात मी दातांच्या कवळ्या बनवते. गेल्या वर्षी माझे जुने पेशंट, एक वृद्ध जपानी इंजिनियर, कायमचे मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी मला वीतभर लांबीचा एक काळा दगड दिला. त्यांच्या गावच्या नदीत सापडलेला, हुबेहूब डोंगरासारखा. एका अंगाने पांढरी शीर धबधब्यासारखी खाली उतरलेली. जपानात असे दगड नुसते बघत बसण्यासाठी घरात मांडतात म्हणे. पण याचा तळ ओबडधोबड. टेबलावर ठेवला की कलंडायचा.

"काहीजण तळ कापून सपाट करतात, काहीजण अजिबात कापत नाहीत," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही ठरवा."

घरी नवरा म्हणाला, "कापून घे की! दोन मिनिटांचं काम." लेकीने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "जस्ट कट इट, मम्मा." मलाही पटलं. शनिवारी नवऱ्याबरोबर संगमरवराच्या वर्कशॉपमध्ये गेले. कारागिराने खडूने रेघ मारून दगड पात्याखाली धरला. मी वाकून पाहिलं. धबधब्याचा शेवटचा बोटभर भाग रेघेच्या खाली होता. डोंगर उरला असता, पाणी मात्र अधांतरी तुटलं असतं.

"रुकिये भैया!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्याने मशीनच बंद केलं.

"आता गं?" नवरा म्हणाला.

"वाकड्यातिकड्या हिरड्यांवर कवळी बसवतेच ना मी? यालाही बसवेन."

तळाचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला. त्याबरहुकूम सागवानी लाकडात बैठक कोरायला बसले. कवळीचा दात कुठे जास्त टेकतो ते पाहायला आम्ही निळा कागद वापरतो. तोच दगडाखाली ठेवायचा, लाकडावर निळा डाग उमटला की तेवढंच खरवडायचं. दोन बैठका फुकट गेल्या. नवरा म्हणाला, "सोड आता." मी तिसरी घेतली. महिन्याभराने दगड त्यात असा बसला की नवऱ्याने टेबलावर मूठ आपटली तरी हलला नाही. लेक मोबाइल ठेवून जवळ आली. "वॉव, मम्मा!"

मी लगेच जपानला व्हिडिओ कॉल लावला. इंजिनियर चष्मा लावून पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "तळ दाखवता?"

मी दगड उचलून उलटा धरला. नदीने घडवला होता तस्साच.

त्यांनी बायकोला हाक मारली. दोघं पडद्यासमोर उभी राहून कमरेत वाकली. मागे नवरा टाळ्या वाजवत होता, आणि मी दगड छातीशी धरून मोठमोठ्याने हसत होते.