मूळ नसलेले दात

नात तीन वर्षांची असताना तिच्या रक्तात कॅन्सर निघाला. दोन वर्षं औषधं चालली, केस गेले, पण पोरगी वाचली. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, या औषधांनी पुढं दात बिघडतात. दर सहा महिन्यांनी दाखवत जा." मी मान हलवली. घरी येऊन सुनेला सांगितलं, आता दवाखान्याची पायरी चढायची नाही. पोरीला कुणी आजारी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात.

यंदा ती बारा वर्षांची झाली. दात तांदळाएवढे बारीक, त्यातले काही हलणारे. ती भाकरी दुधात कुस्करून खायची. मला बघवेना. वाळवलेली कडक भाकरी मी तिच्या ताटात ठेवली.

"चावून खा. चावल्याबिगर दात घट्ट व्हत न्हाईत."

"मामा, तिला दुखतंय की," सून म्हणाली.

"आमच्या घरात साठीपतुर कुणाचा दात पडला न्हाई."

"तुमचे दात देवानं दगडाचे केलेत. डोकं बी."

नातीला हसू आलं. पण माझ्यासाठी तिनं भाकरी चावली. आठ दिवस रोज चावली.

नवव्या दिवशी तिचा एक दात हातात आला. मी तो उलटसुलट करून पाहिला, त्याला मूळ नव्हतं. दुधाचा दात पडताना असाच असतो. मी म्हणालो, "आता पक्का येईल," आणि रीतीप्रमाणं पत्र्यावर फेकला. आठवड्यात दुसराही पडला. तोही फेकला.

तेव्हा सुनेनं मला न विचारता तिला दाताच्या डॉक्टरकडं नेलं. मी मागून गेलो. त्यानं दातांचा एक्स-रे फोटो काढून उजेडाला धरला. "पडलेले दोन्ही पक्केच होते, आजोबा. त्या औषधांनी मुळं वाढलीच नाहीत. खाली नवा दात एकही नाही."

"आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"मुळं नसती वाढली. पण दात जपता आले असते. कडक काही देऊ नका, एवढं तरी सांगितलं असतं."

रिक्षात नातीनं विचारलं, "आज्जा, नवीन येणार न्हाईत व्हय?"

"न्हाईत," मी म्हणालो. "माझ्यामुळं गेले."

आजवर मी कुणापुढं चूक कबूल केली नव्हती. केली की छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात. उतरलं नाही. ती बाहेर बघत बसली, आणि जिभेनं पुढचा हलणारा दात चाचपत राहिली.