उतारावरची हाक

या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या एका उतारावर माझा नवरा हरवला होता. आता लिहिताना हसू येतंय, पण त्या दिवशी... नकोच ते. तरी लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जायचं नाही.

लेक प्राची तिकडे नोकरीला आहे. आम्ही तिच्याकडे गेलो, तर आम्हाला हिंडायला म्हणून तिनं दोन सायकली भाड्यानं आणून ठेवलेल्या. डोंगर, त्यावर शेकडो वर्षांची जुनी दगडी गावं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही... आमचे हे तर बघूनच खूश.

हे मूळचे नातेपुत्याचे. आता आम्ही राहतो त्या सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात रोज सकाळी सायकल काढतात, मागे हृदयात स्टेंट बसवल्यापासून तर नेमानं. पण आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल! तिथे मात्र चढ संपला की लगेच पोटात गोळा आणणारा उतार. मी आपली जीव मुठीत धरून मागे मागे.

निघताना प्राचीनं बजावलं होतं, "बाबा, इथे ब्रेक उलटे असतात हं. डावा दाबला की पुढचं चाक थांबतं." आपल्याकडे डावा मागच्या चाकाचा. हे हेल्मेट घालत म्हणाले, "व्हय व्हय, कळलं की." ती कामावर गेली आणि आम्ही दोघं निघालो.

दुपारी डोंगरमाथ्यावरच्या एका गावात पोहोचलो. अरुंद बोळ, चर्चसमोर पाण्याचा नळ, आणि सगळ्या खिडक्या बंद. जेवणाची वेळ होती म्हणे, पण मला मात्र माणसं गाव सोडून गेल्यासारखी वाटली. मी बाटली भरत होते तेवढ्यात हे म्हणाले, "खाली दिसतोय त्या पुलापाशी थांबतो. तितंच भाकरी खाऊ. तू ये दमानं." आणि गेलेसुद्धा.

मी दोन्ही ब्रेक आवळून, नजर पुढच्या चाकावरून न हलवता उतरले. पुलापाशी आले... तर तिथे कुणीच नाही.

आधी वाटलं, गंमत करत असतील. झाडांमागे बघितलं, पुलाखाली वाकून बघितलं. ओढ्याचा तेवढा आवाज येत होता. फोन काढला, तर रेंज नाही.

मग मात्र डोळ्यांसमोर ते हॉस्पिटल, आयसीयूचं ते दार, सगळं परत उभं राहिलं. ह्यांच्या छातीत दुखलं असेल तर? जिभेखाली ठेवायची गोळी माझ्याच पर्समध्ये होती... इथली भाषा येत नाही, कुणाला काय सांगणार? सायकल ढकलत मी परत वर चढायला लागले.

"अहो... अहो..." करत चालले होते, तेही हळूच. परक्या मुलखात ओरडायची लाज वाटत होती. एवढ्या भीतीतही लाज वाटत होती, याचं आता मलाच नवल वाटतं.

अर्ध्या चढावर एक वळण आलं आणि रस्त्याच्या कडेला लाल सडा दिसला. रक्त! सायकल हातातून पडली. पुढे जाऊन बघायचा धीर होईना, आणि थांबवतही नव्हतं.

वाकले तर लसणाचा वास आला... शेंगाचटणी होती ती. सोलापूरहून आणलेली. जरा पुढे ह्यांच्या सायकलला लावलेला डबा उघडा पडलेला, भाकरीचे तुकडे झालेले. म्हणजे हे इथंच कुठेतरी होते. उतरताना मी इथूनच गेले होते आणि मला काहीच दिसलं नव्हतं!

कडेला गुडघ्याएवढी दगडी भिंत, पलीकडे दाट झुडपं. "अहो!" काही नाही. परत "अहो!"... काहीच नाही.

आमच्या लग्नाला तीसेक वर्षं झाली. मी ह्यांना कधी नावानं हाक मारलेली नाही. सासूबाईंच्या धाकानं सुरुवातीला जमलं नाही, आणि पुढे सवयच लागली नाही. पण त्या वेळी पोटातून जे आलं ते...

"हणमंताऽऽऽ!"

सगळ्या डोंगरात घुमलं. आणि भिंतीपलीकडून कण्हल्याचा आवाज आला.

ह्यांनी सवयीनं डावा ब्रेक करकचून दाबला होता. पुढचं चाक जागेवर थांबलं आणि हे सायकलीसकट भिंतीपलीकडे. छातीवर आपटल्यानं श्वासच कोंडला होता. तोंड खरचटलेलं, मनगट सुजलेलं, पण डोळे उघडे होते... मी ते डोळे आधी बघितले.

माझा आवाज ऐकून वरच्या घरातून एक आजोबा धावत आले, जेवणाचा नॅपकिन गळ्यात तसाच. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी ह्यांना उचलायला हात दिला आणि स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं. मनगट मोडलं होतं. हृदय ठणठणीत.

गाडीत हे हळूच म्हणाले, "तुझं अहो अहो ऐकू येत हुतं गं. पण आवाजच फुटंना. वाटत हुतं, पडून ऱ्हावं असंच... मग तू नाव घेतलंस. म्हटलं, ही लई भ्याली. आता ओ द्यायलाच पायजे."

मी त्या परक्या माणसाच्या गाडीत हमसून हमसून रडले. ते आजोबा बिचारे आरशातून बघत राहिले.

आता सोलापुरात आहोत, प्लास्टरही निघालंय. परवा सकाळी ह्यांनी परत सायकल बाहेर काढली आणि मी हातातलं काम टाकून बाहेर धावले. गेटपाशी उभी राहून म्हटलं, "अहो, हळू जावा."

मागे न बघताच म्हणाले, "नावानं सांग की!"

नाही सांगितलं. देवानं एकदा त्या हाकेला ओ मिळू दिली, माझं सगळं मागणं त्यात पुरं झालं... परत तशी हाक मारायची वेळ आणू नये, बस.