स्पॅनियल पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या शेजारच्या आजोबांना स्पॅनियल कुत्रा घ्यायचा होता आणि तो निवडायला त्यांनी मला नेलं. जिनं चाळिशीपर्यंत कुत्र्याला हातही लावला नव्हता, अशा बाईला. कारण साधं होतं. माझ्याकडे गाडी होती आणि डोळे होते, त्यांच्याकडे आता दोन्ही नव्हतं.

फेल्डहोवन या डच गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. नवऱ्याच्या चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीतल्या नोकरीमागून मी इथे डिपेंडंट म्हणून आले. पहिली दोन वर्षं माझ्याशी न कंटाळता डच बोलणारे हे एकटेच. मी चुकीचं क्रियापद वापरलं की ते माझं वाक्य नीट करून परत म्हणून दाखवत, आणि मी त्यांना आलेली पत्रं वाचून दाखवत असे. त्यांच्या नजरेच्या मधोमध सगळं पुसट झालं होतं. कडेकडेचं थोडं दिसे, म्हणून ते माझ्याशी बोलताना कायम माझ्या खांद्याकडे बघत.

हिवाळ्यात त्यांचं काम म्हणजे ससे. गावाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानाला लागून एक वाळूचा उंचवटा आहे. तिथले ससे मैदान पोखरतात आणि पोरांचे पाय मुरगळतात. क्लबनं आजोबांना लेखी परवानगी दिली होती. बंदूक नाही, फेरेट. फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबोळकं, पाळीव जनावर. बिळाच्या तोंडांवर पिशवीसारखी जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायची आणि गप्प उभं राहायचं. ससा घाबरून दुसऱ्या तोंडातून पळतो आणि जाळ्यात येतो. मला हा प्रकार बघवत नसे, तरी मी जात होते. कारण ते मला जाळी धरायला बोलावत आणि इथे मला कशालाच कोणी बोलावत नव्हतं.

यात कुत्र्याचं काम एकच, पण त्याच्यावाचून सगळं अडतं. ससा कुठल्या बिळात आहे ते कुत्रा सांगतो. चांगला स्पॅनियल भुंकत नाही, उकरत नाही. बरोबर त्या बिळाशी पुढचा एक पाय उचलून थांबतो. मग फेरेट त्याच्या नाकासमोरून ये-जा करते आणि तो ढिम्म हलत नाही. आजोबांचा जुना कुत्रा त्या उन्हाळ्यात गेला होता. ताज्या लेंड्या, पायांचे ठसे आता त्यांना दिसत नव्हते. नवा कुत्रा चांगला निघाला तर अजून चारेक हिवाळे, नाही तर काम बंद. हे त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

गाडीत त्यांनी मला शिकवलं. “आई-बाप कामाचे आहेत का ते मी विचारतो. तू पिल्लं बघ. मी किल्ल्या खाली टाकीन. दचकून परत बघायला येतं ते चांगलं. सशाचं कातडं ओढलं की नाक खाली घालून मागे येतं ते चांगलं. सगळ्यांना ढकलणारं नको, कोपऱ्यात बसणारं नको. आणि शेवटी मी फेरेटची पेटी ठेवीन. तेव्हा डोळे कुठे जातात ते मला नीट सांग.”

कुत्री पाळणाऱ्याच्या अंगणात पाच पिल्लं होती. मी एकेकाचं धावतं वर्णन करत होते, आजोबा मान हलवत होते. त्यातलं तिसरं, तपकिरी-पांढरं, किल्ल्यांना दचकलं, परत आलं, कातड्यामागे नाक घासत गेलं आणि येताना माझ्या बुटावर बसलं. बसलं ते बसलंच. मी संपले.

मग पेटी आली. जाळीतून फेरेटनं नाक बाहेर काढलं. बाकीची पिल्लं हुंगून निघून गेली. माझं मात्र तिथेच खिळलं. अंग ताठ, मागचे पाय थरथरताहेत, घशातून बारीकशी गुरगुर.

“तिसरं काय करतंय?” आजोबांनी विचारलं.

“हुंगलं आणि बाजूला झालं,” मी म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. पण नवल कशाचं? आमच्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमात असंच बोलतात. मला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. मला पाहायला आले तेव्हा मावशीनं पाहुण्यांना बरोबर माझ्या उजव्या हाताला बसवलं आणि पोह्यांच्या बशा तिकडूनच फिरवल्या. नवऱ्याला कळलं ते लग्नानंतर तीन आठवड्यांनी, आणि तो हसला. म्हणजे लपवलं आणि सगळं छान झालं. मुलगी एकदा घरात गेली की रुळते, असं मावशी म्हणायची. पिल्लूही रुळेल, असं मी धरून चालले. माझ्या बुटावर बसलेल्या जिवाची खोड मी चारचौघांत कशी सांगणार होते?

पिल्लू आलं. ते इतकं हुशार निघालं की आजोबा दहा वर्षांनी लहान झाले. शिट्टीवर बसे, हाताच्या खुणेवर थांबे. पण फेरेटच्या खुराड्यावरून जाताना त्याच्या पायांना तीच थरथर सुटे. आजोबा फेरेट कुशीत घेऊन त्याच्यासमोर बसत आणि विचारत, “कसा आहे?” मी म्हणे, “शांत आहे.” दर वेळी वाटे, आज सांगावं. दर वेळी वाटे, आज सांगितलं तर त्या दिवशी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागेल. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, ट्रेनिंगनं सॉर्ट होईल. कशाला टेन्शन घेतेस?” मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते दोन्ही कानांनी ऐकलं.

दुसऱ्या हिवाळ्यात पहिल्यांदा खरं काम निघालं. सकाळ कोरडी होती, वारा नव्हता. उंचवट्यावर कुत्रा तीन बिळं सोडून चौथ्याशी थांबला, पाय उचलून, अगदी सांगितल्यासारखा. मी ते सांगितल्यावर आजोबांचा चेहरा फुलला. आम्ही जाळी लावली, कुत्र्याला बसवलं आणि त्यांनी दोन फेरेटांपैकी म्हातारी आत सोडली. तिला त्यांनी सात वर्षं वाढवलं होतं. ते जमिनीला कान लावून आडवे झाले. आत सशाच्या पायांचे दणके ऐकू येतात म्हणे. “ऐकणं माझं, बघणं तुझं,” ते हळूच म्हणाले.

मी बघत होते. ससा नाही आला. जाळी नसलेल्या एका तोंडातून, कुत्र्यापासून दोन हातांवर, फेरेट बाहेर आली आणि उजेडाला डोळे मिचकावत उभी राहिली. कुत्र्याचे मागचे पाय थरथरायला लागले. मला ते दिसत होतं. तोंड उघडायला, पट्टा धरायला पुरेसा वेळ होता, असं मला आजही वाटतं. मी जाळी धरून तशीच उभी राहिले. कुत्र्यानं एकदाच झडप घातली, एकदाच मान झटकली.

“काय झालं?” आजोबा जमिनीवरून विचारत होते. “काय झालं, सांग ना.”

कुत्र्यानं फेरेट आणून त्यांच्या हातात ठेवली. आणून द्यायला त्यांनीच तर शिकवलं होतं.

गाडीत ते तिला टोपीत घेऊन बसले होते. तिची फर नीट करत म्हणाले, “चूक माझी. कुत्रं निवडायची माझी अक्कल गेली. याला देऊन टाकतो. माझंही झालं आता.” मागच्या सीटवर कुत्रा शेपूट हलवत होता. मला ते सहन होईना. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. पेटी, गुरगुर, थरथर, वर्षभराचं ‘शांत आहे’. मावशीचंही सांगितलं. डच अपुरं पडलं तिथे तसंच रेटलं. त्यांनी माझं एकही क्रियापद सुधारलं नाही.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, “तू खरं सांगितलं असतंस तरी मी हेच पिल्लू घेतलं असतं. थरथरतं ते तल्लख असतं. फक्त सहा महिने त्याची टोपली फेरेटच्या खुराड्याला लावून ठेवली असती. एकमेकांच्या वासात वाढतात मग. मी प्रत्येकाला तसंच वाढवलं. हा आधीच शांत आहे म्हणून याला नाही ठेवलं.”

मी गाडी सुरू केली आणि त्यांना घरी सोडलं.

उरलेली फेरेट आणि जाळी त्यांनी दुसऱ्या गावच्या एकाला दिली. कुत्रा आमच्याकडे राहतो. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “एवढं काय गं, जनावरच ते.” मी फोन ठेवला.

रविवारी आजोबा कॉफीला येतात. आता कडेचंही फारसं दिसत नाही. ते माझ्या उजव्या बाजूला बसतात, स्वतःहून. मागच्या हिरवळीवर ससे उतरले की कुत्रा काचेशी जाऊन उभा राहतो.

“किती आहेत?” ते विचारतात.

“चार. एक लहान.”

“आणि तो?”

“पाय उचललाय.”

“थरथरतोय?”

“हो,” मी म्हणते. “खूप थरथरतोय.”

ते मान हलवतात आणि कप हातानं चाचपत राहतात. मी तो त्यांच्या हातात देते.