दोर घेणारी कमळाबाई

जुन्या भाईंदरच्या बंदरावर कोणी आपली होडी आपण बांधत नाही. होडी खाडीतून आत आली की पुढच्या टोकावरचा माणूस दोर टाकतो, आणि पायऱ्यांवर जो कोणी असेल त्याने तो धरून खुंट्याला बांधायचा. होडी कोणाची, माणूस कसा, काल त्याच्याशी आपलं वाजलं होतं का, हे त्या वेळी बघायचं नाही. बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून डोकावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा जुनाट वाटेल. पण खाडी अरुंद, दोन्ही बाजूंना कमरेएवढा चिखल, आणि ओहोटीला तर मधोमध पाण्याची एक पट्टीच काय ती उरते. माणसांनी एकमेकांना सांभाळून घेतलं नसतं तर तिथे एक होडी धड राहिली नसती.

या पायऱ्यांवर सगळ्यात जास्त दोर घेतले असतील ते कमळाबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हापासून पहाटे पाटी घेऊन त्या पायरीवर येऊन बसत. नवऱ्याची होडी यायची असायची, पण तोवर जी येईल तिचा दोर त्यांच्याच हातात. ओला, शेवाळलेला, कधी चिखलाने बरबटलेला दोर त्या असा काही ओढून घेत की तरण्या पोरांनी बघत राहावं. मग मासळी पाटीत भरून विकायला शांती नगरच्या बाजारात. तिथे त्यांची भाषाच बदलायची. "भाभी, लेनेका है तो लो, दबा दबाके मच्छी का जान मत लो," असं त्या सुनावत, आणि ती भाभी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याचकडे येई.

नवरा दाजी. माणूस तोंडाने कमी आणि रिवाजाने जास्त. बांधलेल्या होड्यांच्या जवळून जाताना इंजिन कमी करायचं, भरलेल्या होडीला रिकामीने वाट द्यायची, दुसऱ्याच्या होडीवरून आपल्या होडीत जायचं असेल तर चपला हातात घ्यायच्या आणि पुढच्या टोकावरून जायचं, जाळ्यावरून नाही. कोणी चपला घालून गेला तर दाजी त्याला परत बोलवत आणि होडीच्या पाया पडायला लावत. पोरं मागून हसत, पण पाया पडत. घरात कोणी दार आपटलं तरी "इंजिन कमी कर" असंच त्यांच्या तोंडून निघे.

आणि त्यांचाच जीव असा जावा! देवाला काय म्हणावं, मला तरी कळत नाही.

झालं ते असं. बंदरावर कमळाबाईंच्या शेजारी मंदा बसायची. दोघी एकाच आळीत वाढलेल्या, एकाच बंदरावर दिलेल्या. मंदाचा मुलगा जितेश. कष्टाळू पोरगा, दाजींच्याच हाताखाली वल्हं धरायला शिकलेला. त्याने होडीला नवं, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं होतं. भाद्रपदातली गोष्ट. ओहोटी लागली होती, आणखी थोडा उशीर झाला असता तर होडी बाहेरच चिखलात बसली असती. जितेशने इंजिन कमी केलं नाही. जन्मात पहिल्यांदा नाही केलं. तेव्हा दाजी आपल्या बांधलेल्या होडीच्या मागच्या टोकाला ओणवे होऊन इंजिनाच्या पंख्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी सोडवत होते. लाट आली, होडी उचलली गेली, दाजी पाण्यात पडले आणि शेजारची होडी त्यांच्यावर आली. जितेशनेच परत फिरून उडी मारली. त्यानेच त्यांना वर काढलं, रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला. हॉस्पिटल येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. तो अपघातच होता. कमळाबाईंनाही ते कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. दिवसकार्य झाल्यावर जितेश दाराशी आला तर प्रणितने, कमळाबाईंच्या मुलाने, त्याची कॉलर धरून त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं. कमळाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळं ऐकू येत होतं. त्या उठल्या नाहीत.

बंदराचा एक रिवाज आहे. एखाद्या होडीमुळे कोणाचा घात झाला, तर त्या होडीचा दोर आधी गेलेल्याच्या घरच्या माणसाने घ्यायचा. तोवर बाकीच्यांनी हात लावायचा नाही. असं कोणी सभा घेऊन ठरवलेलं नाही, पण सगळे पाळतात. जितेशने त्याची परीक्षाच घेतली नाही. बंदर सोडून तो पुढे मिठागराच्या बाजूला होडी चिखलात चढवू लागला. तिथे ना पायरी ना खुंटा. पाटी डोक्यावर घेऊन मांडीभर चिखलातून बांधापर्यंत यायचं, आणि ते काम मंदाचं. या वयात, त्या गुडघ्यांनी.

कमळाबाई महिन्याभराने पुन्हा पायरीवर येऊन बसल्या. सगळ्यांचे दोर पूर्वीसारखेच घेऊ लागल्या. प्रणित आता बापाची होडी चालवत होता; डावखुरा तो, दोर डाव्या हाताने टाकायचा, त्याचाही घ्यायच्या. शेजारची मंदाची जागा रिकामी होती. तिथे कोणी बसायचं नाही. आणि तिथून लांबवर चिखलातून डुलत येणारी मंदा रोज दिसायची. बघायचं नाही म्हटलं तरी दिसायची.

एक दिवस मंदा घसरली. पाटी उलटली, कोलंबी चिखलात पसरली. पायऱ्यांवरच्या बाया उभ्या राहिल्या आणि कमळाबाईंकडे बघत तशाच थांबल्या. कमळाबाई उठल्या. बांधाबांधाने चालत गेल्या, लुगडं वर खोचून चिखलात उतरल्या आणि कोलंबी वेचू लागल्या.

"तू कशाला आलीस गो?" मंदाला रडू फुटलं.

"मासळी पडलीय न्हवं? उचल आधी."

दोघींनी मिळून पाटी भरली. बांधावर चढल्यावर कमळाबाईंनी तिच्या पायांचा चिखल खाडीच्या पाण्याने धुतला, आणि मग म्हणाल्या, "तुजा पोरगा दोर टाकीत न्हाय."

"त्याचं तोंड हाय का टाकायला?" मंदा म्हणाली. मग तिने विचारलं, "टाकला तर घेशील?"

"माजे हात काय करतील ते मना ठाव न्हाय, मंदे. खोटं कशाला बोलू? पण टाकलाच न्हाय तर घेऊ काय?"

हे बोलणं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत फिरलं. प्रणितच्या कानावर गेलं. जेवण पुढ्यात तसंच ठेवून तो म्हणाला, "आई, एक सांगून ठेवतोय. त्याचा दोर घेतलास ना, तर बाबांची होडी विकून टाकणार मी. डिलिव्हरीला लागेन नाहीतर काहीही करेन. त्याच्या शेजारी होडी नाही बांधणार."

कमळाबाईंनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. चुकीचं काय बोलत होता तो? बाप त्याचा गेला होता. त्या रात्रभर कुशी बदलत राहिल्या. दोर नाही घेतला तर मंदा त्या चिखलात एक दिवस मोडणार. घेतला तर मुलगा हातचा जाणार, आणि वर गेलेल्या माणसाला काय सांगणार, हेही होतंच.

दोन-तीन दिवसांनी सकाळच्या भरतीला जितेश आला.

त्याने इंजिन पार लांब, रेल्वेच्या पुलाजवळच बंद केलं होतं. एवढ्या लांबून कोणी बंद करत नाही. भरतीचं पाणी आणेल तशी होडी येत होती, आणि तो बांबूने तिला सरळ ठेवत होता, एकेका बांधलेल्या होडीच्या बाजूने, कोणाच्या फळीला फळी लागणार नाही अशी. प्रणित आपल्या होडीत जाळं झाडत होता, त्याचे हात थांबले. मंदा वर रस्त्याच्या कडेला उभी होती, पदर तोंडाशी धरून. खाली यायची तिची हिंमत नव्हती.

जितेशने दोर उचलला. "काकी," एवढंच म्हणाला. मग त्याने दोर टाकला.

दोर कमळाबाईंच्या पुढच्या पायरीवर पडला. त्यांचे हात मांडीवर होते, तसेच राहिले. पायरी शेवाळलेली, ओला दोर आपल्याच वजनाने हळूहळू मागे सरकू लागला. एक वेटोळं पाण्यात गेलं, मग दुसरं. सगळे बघत होते. कोणाला पुढे होता येत नव्हतं.

दोराचं टोक पायरीच्या कडेला पोचलं आणि कमळाबाईंनी उठून त्याच्यावर पाय दिला.

आता दोरावर पाय देणं म्हणजे या बंदरावर होडीला लाथ मारल्यासारखंच. लहान पोराचा चुकून लागला तरी त्याला नमस्कार करायला लावतात. बायांच्या तोंडून "अगं बाय!" निघून गेलं. जितेशचा चेहरा पांढरा पडला. त्याने मान खाली घातली आणि परत जायला बांबू उचलला. कमळाबाई पाय दाबून उभ्या होत्या. अंगाला कंप सुटला होता. मग त्या वाकल्या, पायाखालचा दोर हातात घेतला, कपाळाला लावला, आणि ओढू लागल्या. होडी पायरीला लागली. त्यांनी दोर खुंट्याला गुंडाळला, गाठ मारली आणि पाटी उचलून वर चालू लागल्या. जितेशकडे त्यांनी बघितलं नाही.

प्रणित होडीतून उडी मारून त्यांच्या आडवा आला. "माफ केलंस त्याला?"

"न्हाय."

"मग का घेतलास?"

"पाण्यात चाललावता रे," कमळाबाई म्हणाल्या. "माज्या डोल्यासमोर. मना बघवला न्हाय."

प्रणित बाजूला झाला. होडीत जाऊन जाळं जोरजोरात झाडू लागला. हा आता होडी विकणार, असं कमळाबाईंच्या मनाने घेतलं.

शांती नगरला त्या दिवशी त्यांचं लक्षच लागेना. बोय मागणाऱ्याला शिंगाळा दिला. एक बाई नेहमीसारखी घासाघीस करत होती आणि कमळाबाई चक्क तिच्या भावाने देऊन मोकळ्या झाल्या. सूर्य डोक्यावर आला, आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं: दोर आखूड बांधला. भरतीला होडी उंच असते, दोर सैल सोडावा लागतो. आखूड राहिला तर पाणी उतरलं की होडी खुंट्याला लटकते, कलंडते, जाळं, इंजिन, सगळं पाण्यात. आणि एकाने मारलेली गाठ दुसरा सोडत नाही. जितेश तर आज त्यांच्या गाठीला मेला तरी हात लावणार नव्हता. होडी डोळ्यांदेखत बुडू देईल, पण सोडणार नाही.

उरलेली मासळी शेजारणीच्या हवाली करून त्या रिक्षात बसल्या. "जल्दी चलाओ भैया." रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. सगळ्या आयुष्यात त्यांनी कधी आखूड दोर बांधला नव्हता. मग आजच कसा बांधला? हात थरथरत होते म्हणून, की मनात दुसरंच काही होतं? त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. खरं उत्तर त्यांना सापडेना, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटू लागली. ज्या हातांचा साऱ्या बंदराला भरवसा, ते हात एखाद्याची होडी बुडवायला निघाले होते की काय?

बंदरावर पोचल्या तेव्हा पाणी पार खाली गेलं होतं. त्या धावतच पायऱ्यांपाशी आल्या.

जितेशची होडी पाण्यावर सरळ उभी होती. दोर लांब सोडलेला होता. खुंट्यावर गाठ होती, पण ती त्यांची नव्हती. उलट्या वळणाची होती. अशी गाठ सगळ्या बंदरात एकच डावखुरा मारायचा.

प्रणित आपल्या होडीत त्यांच्याकडे पाठ करून जाळं शिवत बसला होता. कमळाबाई पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. दाजी गेल्यापासून इथे, पाण्यासमोर, त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या, मोठ्याने, कोण बघतंय याची पर्वा न करता.

बऱ्याच वेळाने प्रणित, मागे न वळता, म्हणाला, "आई, लय आखूड बांधला होतास."

"व्हय रे," कमळाबाई म्हणाल्या. "आखूडच बांधलावता."