भाताच्या पोत्यांमधलं गाणं

विसरवाडीच्या अलीकडे, हायवेच्या चढाला चिकटून एक पाडा आहे. रिबेका गावित तिथली. चर्चच्या महिला मंडळात गाणी रचणारी म्हणून तिचं नाव आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक. नाताळचं गाणं असो की लग्नाचं, ती ते आपल्या मावची बोलीत रचते, तेही भाताच्या वाफ्यात वाकल्या वाकल्या, हातातली लावणी न थांबवता.

मागे एकदा मंडळाने तिचं एक गाणं शहरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतलं. तिथल्या माणसाने तिला पट्टी चढवून गायला लावलं आणि वरून कीबोर्डचा नुसता पाऊस पाडला. घरी आल्यावर तिने ते सासूला ऐकवलं. रूपीबाईंनी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "गाणं तर आपलं वाटतंय. पण गाणारी कोण गं?"

रिबेकाला वाईट वाटलं, पण तिने रडगाणं लावलं नाही. भाकरी थापता थापता नवऱ्याला सांगून टाकलं, "दानियल, पुढचं गाणं मी घरीच रेकॉर्ड करणार."

"कशावर?"

"मोबाइलवर."

पहिला प्रयत्न ओसरीवर झाला. ऐकायला बसले तर पत्र्याचा घुमारा, कोंबडीची कुरकुर, चढावर गिअर बदलणारा ट्रक आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी रिबेका. दानियल पोट धरून हसला. "ट्रक मात्र सुरात गायलाय!"

तीही हसली, पण मोबाइल खाली ठेवला नाही. दुपारच्या वेळी हिंदीतले व्हिडिओ बघत बसू लागली. रेकॉर्डिंगचं अ‍ॅप घेतलं. जोरात गायलं की पडद्यावरची रेघ लाल होते आणि तो आवाज फाटतो, हे तिला दोन-चार वेळा फाटल्यावर कळलं. मग तोंड आणि मोबाइल यांच्यात वीतभर अंतर ठेवायला शिकली. 'प' आणि 'फ' आले की भस्सकन वारा आदळायचा, म्हणून मोबाइल जरा तिरपा धरू लागली.

राहिला प्रश्न जागेचा. एका दुपारी ती मागच्या खोलीत भात काढायला गेली. नव्या भाताची पोती भिंतीला लागून छतापर्यंत रचलेली. गुणगुणता गुणगुणता ती एकदम थांबली. आवाज घुमत नव्हता. हायवेही लांब गेल्यासारखा वाटत होता. पोत्यांनी सगळं पिऊन टाकलं होतं. ती तशीच मोबाइल आणायला पळाली.

गाणं भातलावणीचं होतं. लावणी करणारी बाई एकेक पाऊल मागे सरकत जाते आणि तिच्यासमोर शेत हिरवं होत जातं, असं. त्याला ढोल हवाच. व्हिडिओत सांगितलं होतं, आधी अ‍ॅपमधली टिकटिक लावा आणि तिच्याबरोबर ताल धरा. दानियलने कानात इअरफोन घातला, थोडं वाजवलं आणि काढून टाकला.

"मी घड्याळासाठी ढोल वाजवणार नाही."

"मग कोणासाठी वाजवशील?"

"नाचणाऱ्यांसाठी."

रिबेकाला ते पटलं. तिने त्याला उघड्या खळ्यावर बसवलं, मोबाइल लांब ओट्यावर ठेवला आणि स्वतः त्याच्यासमोर अनवाणी नाचत राहिली. तिच्या पावलांवर त्याचा ढोल पळाला नाही, रेंगाळला नाही. मग तोच ढोल कानात ऐकत ती पोत्यांमध्ये उभी राहून गायली. दोन कडवी मनासारखी झाली. उरलेली नंतर करू म्हणाली.

तेवढ्यात भाताला गिऱ्हाईक आलं. दानियलने पोती टेम्पोत भरून पाठवूनही दिली. रिबेका शेवटची कडवी गायला आत गेली तर खोली रिकामी, आवाज विहिरीत पडल्यासारखा. जुनी कडवी आणि नवी कडवी एकापुढे एक लावली, तर दोन वेगळ्या बाया गाताहेत असंच वाटायला लागलं!

"पोती जाणार हे सांगायचंस तरी," ती करवादली.

"तू गाणं पोत्यांना बांधून ठेवलंयस, हे मला काय ठाऊक?"

तिने घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या. दोरी बांधून दारावर, भिंतींवर टांगल्या, पायाखाली अंथरल्या. झालेली कडवी पुसून टाकली. दानियल हळहळला, "अगं, चांगली होती ती!"

"होती. पण आता मला गाणं जास्त येतं."

आणि खरंच, या खेपेला ती घाबरत जपून गायली नाही. वाफ्यात गाते तशी मोकळी गायली. श्वास कुठे घ्यायचा, कुठे मागे सरायचं, हे अंगवळणी पडलं होतं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात उतरलं.

मंडळातल्या बायकांच्या मोबाइलवरून ते फिरत फिरत पार लांबच्या खापर गावापर्यंत गेलं. उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात डीजेच्या मोठ्या बॉक्सवर ते वाजलं आणि पोरी हात गुंफून रांगेत नाचू लागल्या. दानियलची छाती फुगली. रिबेका मात्र मान तिरपी करून ऐकत होती.

"ढोल बारीक वाटतोय," ती म्हणाली. "मोबाइल जरा जवळ ठेवायला हवा होता."

"आता काय त्याचं?"

"आता काही नाही. आता नाचू दे त्यांना." तिने पदर खोचला आणि रांगेतल्या बाईचा हात धरता धरता दानियलला म्हणाली, "पुढच्या गाण्याला तू ओट्याच्या जवळ बस."