साल्वादोरचा ठेका

कमलताईंचा नागपूरहून फोन आला तेव्हा मी म्युनिकला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. "वसंता, आपला सिद्धू गेला रे…" लुडविग्सहाफेनच्या फ्लॅटमध्ये, झोपेतच, हृदय बंद पडून. रडणं आवरून त्यांनी विचारलं, "तुले काई बोलला होता का रे?" मी नाही म्हणालो. धाकट्या भावाबद्दल विचारणाऱ्या बाईशी मी खोटं बोललो. आता काही आठवडे उलटलेत, लिहून टाकतो.

सिद्धार्थ आणि मी एकाच वस्तीतले, एकाच विहारात वाढलेले. कॉलेजात असताना आम्ही गावोगाव बुवा-बाबांचे चमत्कार उघडे पाडायचो. तो जिभेवर पेटता कापूर ठेवायचा, मी माइक धरायचो. कुणी घरात भूत आहे म्हटलं की त्याचा एकच नियम : एकाने ऐकलं तर भास, दोघांनी आपसात न बोलता तेच सांगितलं, तर निरीक्षण. पुढे तो केमिकल कंपनीत जर्मनीला, लुडविग्सहाफेन शहरात आला, मागोमाग मी सॉफ्टवेअरमध्ये. नियम मात्र त्याने सोडला नाही.

जर्मनीने ब्राझीलला सात गोल घातले, त्याच्या पुढच्या वर्षी सिद्धार्थची ब्राझीलमध्येच, साल्वादोरला परिषद होती. मीही सुट्टी काढून गेलो. जर्मनीहून आलो म्हटल्यावर टॅक्सीवाल्याने सात बोटं नाचवून कपाळावर हात मारला. "अरे बाबा, आम्ही नागपूरचे," सिद्धार्थ मराठीतच म्हणाला, आणि तिघंही हसलो. चढाच्या गल्ल्या, पिवळीनिळी घरं, भिंतींना समुद्राची ओल, कोपऱ्याकोपऱ्यावर पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका लाल तेलात वडे तळत बसलेल्या. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. वरच्या चौकाचं नावच त्या गुलामांना बांधून फटके मारायच्या खांबावरून पडलेलं. खांब आता नाही. सिद्धार्थने तिथे बूट काढले.

"हे काय?"

"काय बे, विहारात काढतो ना?"

तापलेल्या दगडांवर तो अनवाणी उभा राहिला. खालच्या गल्लीत ढोल वाजत होते. तीन ठोके, थोडं थांबून दोन. मग ढोल बंद झाले. तो हलला नाही. "पायाखाली अजून वाजतंय," म्हणाला. मी म्हणालो, "ऊन लागलंय तुला."

त्याच हिवाळ्यात त्याने मला लुडविग्सहाफेनला बोलावलं. "ये. कशाला ते विचारू नकोस." दिवेलागणीला त्याने मला खिडकीजवळच्या खुर्चीत, हाइझुंगशेजारी, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी नळ्यांशेजारी बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. मी मोबाइल चाळत होतो. आणि मग ते आलं… फरशीखालून, पाइपातून, कुठून कोण जाणे. तीन. थोडं थांबून दोन. मी हाइझुंगला हात लावला. बंद होती, लोखंड गार पडलेलं. ठेका तळहातात शिरला.

तो बाहेर आला. "काय ऐकलंस?"

निकालाच्या दिवशी बोर्डापुढे उभ्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"गेनाऊ? नक्की?"

"अरे, काहीच नाही."

"आल्झो… म्हणजे बिघाड माझ्यातच आहे." तो शांतपणे चहा ठेवायला गेला.

हो म्हटलं असतं तर त्या रात्री तिथे राहावं लागलं असतं. मी घाबरलो होतो, एवढंच. शेवटची गाडी पकडून मी म्युनिकला परतलो. त्याने पुन्हा विषय काढला नाही. फोनवर मात्र बोलता बोलता गप्प व्हायचा, जणू कान दुसरीकडेच… आणि मी लगेच हवापाण्याचं काही विचारायचो. स्वतःवरचा विश्वास गमावलेला माणूस फोनच्या पलीकडे एकटा बसलाय, हे मला कळत होतं.

गेल्या आठवड्यात फ्लॅट रिकामा करायला गेलो. उन्हाळा आहे, अख्ख्या इमारतीची हाइझुंग बंद. सामान गेलं, खुर्ची तेवढी खिडकीपाशी राहिली होती. मी बूट काढले आणि बसलो. अंधारून आलं तसं ते सुरू झालं.

स्वयंपाकघराचं दार ओढलेलंच होतं. त्या दाराकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणालो, "तीन, सिद्धू. थोडं थांबून दोन."