फरशीमामांचा गुडघा आणि मामींचं पोहणं

फरशीमामांची उभी हयात गुडघ्यांवर गेली. लोकांच्या घरात फरशी बसवायची म्हणजे एका हातात थापी, दुसऱ्या हातात रबरी हातोडा आणि दिवसभर रांगणं. पन्नाशी उलटली तसा त्यांचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजू लागला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गुडघ्यात सुई टोचली आणि आठवडाभरात मामा पुन्हा टणाटणा जिने चढू लागले. मग काय, सूज परतली की सुई, सुई घेतली की दुप्पट काम. औषध कसलं, जादू आहे, असं ते मामींना सांगायचे.

एकदा मात्र दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी एक्स-रे पाहिला, आधीच्या सुयांची चौकशी केली आणि आणखी सुई द्यायला साफ नकार दिला. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही, हे त्यांनी नीट समजावलं.

"सुईनं सूज उतरते, दुखणं गप्प बसतं. कधीमधी ठीक आहे. पण वरचेवर घेतली तर ती कूर्चाच झिजायची भीती असते."

"झिजली तर नवी बसवा की," मामा म्हणाले.

"ही फरशी नाही, मामा. गेली की पहिल्यासारखी होत नाही."

मांड्यांचे व्यायाम करा, रांगणं कमी करा आणि पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात चाला, असं बाईंनी सांगितलं. मामांचं धाबंच दणाणलं. बादलीपलीकडच्या पाण्याशी त्यांची ओळख नव्हती. घरी येऊन ते तलावात न जाण्याची कारणं सांगू लागले. शेवटी मामी म्हणाल्या, मीही येते, बघू कोण बुडवतंय ते.

तलावात उतरल्यावर मामा घोरपडीसारखे कठड्याला चिकटले. मामींनी डोक्यावरची निळी टोपी नीट केली आणि सरळ सूर मारला. त्यांचं डोकं वर आलं ते पार पलीकडच्या काठाशी. मामा आ वासून बघत राहिले. निम्मं आयुष्य एका ताटात जेवून ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. मामी संथपणे पोहत परत आल्या.

"कधी बोलली नाहीस ती?"

"माहेरी घरामागं नदी होती. तुम्ही मला नुसत्या फरशा दाखवल्यात."

मामांना इतकं हसू आलं की कठडा सुटला, आणि नाकातोंडात पाणी जायच्या आत मामींनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. त्या दिवसापासून मामीच त्यांच्या गुरू झाल्या. मामा आधी चालले, मग पाय मारायला शिकले.

गुडघा काही नवा झाला नाही. जास्त चाललं की अजून कुरकुरतो. पण सूज क्वचित येते आणि सुईची आठवणही निघत नाही. मामा आता बुटक्या स्टुलावर बसून फरशा मापून कापतात, वाकायचं काम कामावरचे जोडीदार करतात. सुट्टीच्या सकाळी मामी शेजारणींना पोहायला शिकवतात. मामा काठावर पाय सोडून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ती पुढची, निळ्या टोपीवाली, आमची आहे."